मिर्रीची फळी

ग्लेंडा लेहतोनेनला कुठेही झोप लागते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ती शाळेची पिवळी बस चालवते. सकाळी उजाडायच्या आत निघून पोरं गोळा करायची आणि दुपारी ती परत घरोघरी सोडायची. बसमध्ये तिचं लक्ष चारी बाजूंना असतं. मागच्या बाकावर कुणी कुणाची टोपी हिसकावली तर मान न वळवता नाव घेऊन ओरडते. पण घरी येऊन खुर्चीत टेकली की हातात कॉफीचा मग आणि मान छातीवर. मी शेजारीण, हेल्वी. कितीदा तरी तो मग मी अलगद तिच्या बोटांतून सोडवून टेबलावर ठेवलाय.

तिचा नवरा रेइनो आमच्या थंडर बे शहरापासून खूप वर, उत्तरेला, सोन्याच्या खाणीत काम करतो. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. विमानाने नेतात, विमानाने आणून सोडतात. घरी आला की पहिले काही दिवस नुसता झोपतो, आणि शेवटचे काही दिवस परत जायचंय म्हणून तोंड पाडून बसतो. ग्लेंडा म्हणते, "मधे जे चार दिवस उरतात ना, तेवढंच आमचं लग्न."

अशा घरात रेइनोची आई राहायला आली. नाव आईली, पण तिला सगळे मुम्मोच म्हणायचे. आमच्या फिनिश लोकांत आजीला मुम्मो म्हणतात. जन्म गेला तो शहराबाहेरच्या शेतावर, गाईंच्या मागे. नवरा गेल्यावरही ती तिथेच एकटी राहिली. मग एकदा चुलीवरचं भांडं जळून कोळसा झालं आणि घरभर धूर, तरी ही त्याच धुरात स्वेटर विणत बसलेली. पत्र टाकायला आलेल्या माणसाने तिला बाहेर काढलं. रेइनोने शेत विकलं आणि आईला शहरात आणलं. सोबत एक मांजर.

मांजर करड्या पट्ट्यांची, कानांची टोकं लहानपणीच थंडीने झडलेली. गोठ्यात जन्मलेल्या मांजरांचं असं होतंच. मुम्मोने आयुष्यात पाळलेल्या प्रत्येक मांजरीचं नाव मिर्री होतं, म्हणून हिचंही मिर्री. शहरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती मोठ्या रस्त्यावर मोटारीखाली आली. जीव वाचला, पण मागचा खुबा मोडला. डॉक्टरने सळी घालून सांधला आणि ग्लेंडाला सांगितलं, "आता हिला बाहेर सोडायचं नाही. पुन्हा पळता यायचं नाही तिला, आणि तुमचा रस्ता काही थांबणार नाही."

शेतावरची मांजर घरात कोंडली गेली. त्या घराच्या खिडक्या उंच, आणि त्यांच्या चौकटी दोन बोटं रुंद. बाहेरचं दिसेल अशी एकच जागा होती, पुढच्या दाराशेजारची काचेची उभी पट्टी, जी थेट जमिनीपर्यंत येत होती. मिर्री दिवसभर तिथे बसायची आणि रडायची. मांजर ओरडतं तसं नव्हे, रडायची. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

ते ऐकून मुम्मो उठायची. "मिर्रीला बाहेर जायचंय," म्हणायची आणि दार उघडायला जायची.

शहरात आल्यापासून तिची इंग्रजी हळूहळू गळून गेली होती, फक्त फिनिश उरली होती. ग्लेंडा तिकडे पश्चिमेच्या गव्हाच्या मैदानांतली, तिला फिनिश येत नाही. म्हणून ग्लेंडा दुपारच्या फेरीला जायची तेव्हा मी तिथे जाऊन बसायचे. मुम्मोला माझ्याशी बोलता यायचं. ती मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारायची, तेवढं चालायचं.

"अगं, दार उघड ना," ती मला म्हणायची. "गोठ्यात उंदीर किती झालेत! आणि ही बया इथे बसून राहिलीय."

"मुम्मो, बाहेर बर्फ आहे."

"मग? उंदरांना काय बर्फ लागत नाही?"

मी तिला हाताला धरून परत खुर्चीत बसवायचे.

ग्लेंडाने दाराला वर, हात पोचणार नाही इतक्या उंचावर कडी लावली. मुम्मोने झाडूच्या दांड्याने ती सरकवली. मग दाराला घंटी बांधली. घंटी वाजायची, पण ती ऐकायला घरात कुणी असलं तर ना!

नोव्हेंबरात कडाक्याची थंडी पडायला सुरुवात झाली आणि त्याच आठवड्यात ते झालं. ग्लेंडा नुकती बस घेऊन निघाली होती. मी निघायच्या तयारीत स्वेटर चढवत होते, तेवढ्यात माझ्या खिडकीतून दिसलं. मुम्मो रस्त्याच्या मधोमध. अंगावर गोठ्यातला जुना लोकरी कोट, पायांत नुसते मोजे, हातात दुधाची वाटी. समोर एक ट्रक थांबलेला. ट्रकवाला खाली उतरून, टोपी हातात घेऊन उभा होता, चर्चमध्ये आल्यासारखा.

मी धावले. माझ्या गुडघ्यांना जमेल तेवढं धावले म्हणू.

"मिर्री, मिर्री, मिर्री," मुम्मो हाका मारत होती. मला बघून म्हणाली, "हाक ऐकतच नाही गं. कुठे गेली असेल?"

"बाई, तुमची आई आहे का?" ट्रकवाल्याने विचारलं. "मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही. म्हटलं घाबरेल."

"शेजारीण आहे," मी म्हटलं. "धर तिला त्या बाजूने."

आम्ही दोघांनी तिला घरात आणलं. वाटीतलं दूध काठाकाठाने गोठायला लागलं होतं. आणि मिर्री? ती दाराशी, चपलांच्या फळीवर, पाय पोटाशी घेऊन बसली होती. बाहेर गेलीच नव्हती. मुम्मोचे मोजे काढले तर बोटं मेणबत्तीसारखी पांढरी. मी कोमट पाण्यात तिचे पाय ठेवले. हळूहळू रंग आला, तशी ती कळवळून ओरडली, आणि मग माझ्यावरच रागावली, "एवढं गरम पाणी घालतात का कुणी!"

दोन बोटांना फोड आले, बाकी निभावलं. पण इस्पितळात नोंद झाली, आणि मग म्हाताऱ्यांची काळजी बघणाऱ्या सरकारी खात्यातली एक बाई घरी आली. चांगली होती बिचारी. दार बाहेरून कुलूप लावून बंद करता येणार नाही, म्हणाली, आग लागली तर काय? वृद्धाश्रमात नाव घालून ठेवा. नंबर लागायला वर्ष, कदाचित जास्त.

"आणि तोपर्यंत?" ग्लेंडाने विचारलं.

बाईने डोकं एका बाजूला झुकवलं.

त्या संध्याकाळी रेइनोचा खाणीतून फोन आला. मी तिथेच भांडी पुसत होते, ग्लेंडाचं बोलणं ऐकू येत होतं. "हो रे, घातलंय नाव... नाही, मी म्हणत नाहीये की ठेवूच नये... रेइनो, तुझी आई आहे, तू सांग ना मग काय करू. नोकरी सोडू?... अरे, कुत्र्यासारखं बांधून ठेवू का तिला?" मग बराच वेळ ती नुसतं "हं, हं" करत होती. फोन ठेवून माझ्याकडे वळली. "तो म्हणतो, तुला योग्य वाटेल ते कर. हेल्वी, माणसाला याच्याइतकं दमवणारं वाक्य दुसरं नसेल."

विचार करून करून तिनेच उपाय काढला. दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना, डोळे मिटलेलेच होते, म्हणाली, "दाराला काही करून उपयोग नाही. मुम्मो दार उघडते, कारण मांजर रडतं. मांजर दाराशी रडतं, कारण बाहेरचं तिथूनच दिसतं. म्हणजे मांजर तिथून हलवायला हवं."

"कशी हलवणार? दोरीने?"

"दुसरी खिडकी द्यायची तिला."

आधी तिने दाराजवळची काच पुठ्ठ्याने झाकून पाहिली. मिर्री दुप्पट रडली आणि मुम्मोने पुठ्ठा टरकावून काढला. मग ग्लेंडाने दुकानातून मांजरांसाठीची तयार झोळी आणली, रबरी वाट्यांनी काचेला चिकटणारी. मुम्मोच्या खोलीची खिडकी मागच्या अंगणाकडे होती, तिथे लावली. दुपारी हाताने दाबून बघितली तर घट्ट. मिर्रीला उचलून तीत ठेवलं. पण आमच्याकडच्या थंडीत काच गारठली, की रबर काही धरत नाही. थोड्या वेळाने धाडकन आवाज झाला. मिर्री मोडक्या खुब्यावर आपटली आणि पलंगाखाली शिरली. मुम्मो पलंगावर बसून मोठ्याने हसत होती. कधी नव्हे ती इतकी हसली, की मलाही हसू आलं. ग्लेंडाला नाही आलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मीच करते."

तिने कधी सुतारकाम केलेलं नव्हतं. बसचं चाक बदलता यायचं, इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगता यायचा, पण लाकूड नाही. तळघरात जुन्या कपाटाची एक फळी पडली होती, ती घेतली. माझ्याकडून करवत आणि ड्रिल नेलं. माझा नवरा जाऊन काही वर्षं झाली तरी त्याची हत्यारं मी टाकलेली नाहीत. दुकानातून फळीला आधार द्यायला दोन लोखंडी ब्रॅकेट आणले. शनिवार होता. मी मुम्मोला घेऊन पलंगावर बसले आणि आम्ही दोघी नाटक बघायला आल्यासारख्या बघत राहिलो.

खिडकीखाली विजेचा हीटर. फळी त्याच्या अगदी वर आली तर मांजर भाजायची, म्हणून मधे हातभर जागा सोडायला हवी. फार उंच गेली तर मोडक्या पायाने चढता यायचं नाही. ग्लेंडा टेप धरून उभी राहायची, खाली बसायची, पुन्हा उभी राहायची. फळी लांब होती, ती कापली. करवत वाकडी गेली.

"हात सरळ ठेव," मी म्हटलं.

"तुला यायचंय का?"

"माझे गुडघे."

"मग तुझ्या गुडघ्यांना गप्प बसायला सांग."

मुम्मोने मला कोपराने ढोसलं. "ही कोण पोर आहे? कामाची दिसते. नवीन ठेवलीय का?"

"तुझी सून आहे, मुम्मो."

"छे! माझ्या मुलाचं लग्न कुठे झालंय अजून."

"काय म्हणतेय ती?" ग्लेंडाने विचारलं.

"तू कामाची आहेस म्हणतेय."

ग्लेंडाने एकदा माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगत नाही हे तिला कळायचं. पण विचारायची नाही.

फळीच्या कडा पॉलिश पेपरने घासल्या. वर कार्पेटचा तुकडा गोंद लावून चिकटवला. ब्रॅकेट भिंतीला ठोकले, स्क्रू पिळले, फळी बसवली. उभी राहून कंबर सरळ केली आणि तळहाताने फळी दाबून बघितली, फक्त जरा. दोन्ही स्क्रू भिंतीतला प्लास्टरचा पोपडा घेऊन बाहेर आले. फळी हीटरवर पडली. भिंतीला दोन भोकं पडली, त्यातून पांढरी भुकटी गळत राहिली.

ग्लेंडा खाली बसली, पाठ पलंगाला टेकवून, ड्रिल मांडीवर. मला वाटलं, रडेल. मी उठून कॉफी करायला गेले. परत आले तर ती झोपली होती. तशीच, तोंड उघडं, केसांत प्लास्टर. मुम्मो तिच्याकडे बघत होती. मला म्हणाली, "हळू बोल गं. पहाटे गाईंच्या धारांना उठलेली दिसते."

मी कॉफी परत नेली.

रविवारी ग्लेंडा पुन्हा भिडली. यावेळी तिने आधी भिंत ठोकून बघितली, डावीकडून उजवीकडे, बोटाच्या पेराने. पोकळ, पोकळ, पोकळ, मग ठक्क. आमच्या घरांच्या भिंतींच्या आत उभे लाकडी खांब असतात, त्यांतच स्क्रू घालायचा असतो. हे तिला दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं, पण शनिवारी घाईत ते राहून गेलं होतं. खांब खिडकीच्या बरोबर खाली नव्हते, थोडे बाजूला होते. म्हणून फळीही मधोमध आली नाही, एका अंगाला सरकून बसली. खालून तिने एक लाकडी पाय दिला, जमिनीपर्यंत. जमीन त्या कोपऱ्यात उतरती, म्हणून फळीही जराशी उतरती झाली. बाजूला एक लाकडी पेटी पालथी घातली, मिर्रीला पायरी म्हणून. मग तिने फळीवर दोन्ही हात टेकून सगळा भार टाकला. ती काही लहानखुरी बाई नाही. फळी हलली नाही.

"पेलते," ती म्हणाली. आनंदाने नाही, एखादं ओझं खाली ठेवल्यावर माणूस बोलतो तसं.

मी खिडकीबाहेरच्या झाडाला पाखरांसाठी दाण्यांचा डबा टांगला. मिर्रीला उचलून फळीवर ठेवलं. तिने कार्पेट हुंगलं, नाक आक्रसलं, उतरली आणि लंगडत दाराशी जाऊन रडायला लागली.

ग्लेंडाने हात धुतले. "मला उद्या पहाटे उठायचंय," म्हणाली आणि जेवण न करता झोपायला गेली.

सोमवारी दुपारी मी तिथेच होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय. मिर्री दाराशी रडत होती. मुम्मोने खुंटीवरचा गोठ्यातला कोट काढून अंगात घातला. हा कोट ग्लेंडाने दोनदा धुतला होता, तरी त्याचा गाईचा वास जात नव्हता. मी दार आणि मुम्मो यांच्या मधे उभी राहिले. तिने थोडा वेळ माझ्याशी भांडण केलं, मग का आली होती तेच विसरली आणि आपल्या खोलीत परत गेली. मी मागोमाग. ती फळीसमोर थांबली.

"हे कुणी केलंय?"

"ग्लेंडाने."

"कशाला?"

"मिर्रीला बसायला."

मुम्मोने फळीवरून हात फिरवला. कार्पेट दाबून बघितलं, बोटं नाकाशी नेली. "घाण वास येतो. आणि थंड आहे. कोण बसेल इथे?" मग तिने कोट काढला, आतलं लोकरी अस्तर वर येईल असा घडी केला आणि फळीवर अंथरला. कडा व्यवस्थित दाबल्या, कोपऱ्यात थोडा खळगा केला. "थंडीत वासरू झालं की असंच घालायचे मी त्याला," म्हणाली. पलंगावर बसली आणि विणकाम हातात घेतलं. ते विणकाम म्हणजे एकच ओळ होती, विणायची आणि उसवायची.

मिर्री कधी आली ते मला कळलंही नाही. पेटीवर तिची नखं वाजली म्हणून वर बघितलं. ती आधी पेटीवर, मग दुखरा पाय ओढत फळीवर. कोट हुंगला. पुढच्या पायांनी कितीतरी वेळ तुडवला. एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि खळग्यात बसली. बाहेर डब्यावर काळ्या टोपीची दोन पाखरं आली होती. मिर्रीची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडे वळत होती. मग डोळे बारीक झाले.

थोड्या वेळाने मुम्मो उठली. "चला, गोठ्यात जाते. माझा कोट कुठाय?"

तिने खोलीत शोधलं, पलंगाखाली बघितलं, मग खिडकीकडे बघितलं.

"अरे देवा, निजली," ती पुटपुटली. "आता कसा काढू खालून? पाय दुखतो गं तिचा." थोडा वेळ ती तशीच उभी राहिली, एक हात कोटाच्या बाहीवर. मग परत बसली. "उठली की जाईन."

ग्लेंडा बस लावून आली, तेव्हा मी तिला नुसतं बोटाने दाखवलं. ती बाहेरच्या बुटांसकट खोलीच्या दारात उभी राहिली, हातात किल्ल्या.

"कोट मुम्मोने अंथरला?"

"तिनेच."

"आणि माझं कार्पेट?"

"ते खाली आहे. त्याला घाण वास येतो म्हणे."

"सबंध संध्याकाळ गेली माझी त्या कार्पेटात," ती म्हणाली आणि दाराच्या चौकटीला डोकं टेकवून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. आवाज मात्र होऊ दिला नाही, मांजर उठेल म्हणून.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. कधी मिर्री लवकर उठायची, मग मुम्मो कोट घेऊन दाराकडे निघायची आणि मला मधे उभं राहायला लागायचं. कधी मुम्मो रात्रभर जागी राहायची आणि ग्लेंडा सकाळी तिच्यासारखीच पांढरीफटक दिसायची. पण दाराशी रडणं कमी झालं, आणि कोट दाराजवळच्या खुंटीवर नसल्यामुळे बाहेर जायची आठवणही कमी झाली. बहुतेक दुपारी त्या दोघी खिडकीशी असायच्या. मुम्मो पाखरांना नावं ठेवायची. "ती बघ लठ्ठ. ती बघ चोरटी, दुसरीच्या तोंडातला घास काढते." त्या हिवाळ्यात ती पुन्हा रस्त्यावर गेली नाही.

नाताळाच्या आधी रेइनो घरी आला. झोप झाल्यावर आईच्या खोलीत गेला, फळीकडे बघितलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, "वाकडी आहे."

ग्लेंडा कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालायची थांबली.

"काय म्हणालास?"

"नाही, म्हणजे, जरा उतरती आहे. पाय थोडा कापला की होईल. मी काढून नीट—"

"हात लावून बघ. नुसता हात लावून बघ, रेइनो."

"अगं, मी मदतच—"

"तू बर्फात दोन आठवडे खड्ड्यात असतोस, मला माहीत आहे. तू दमतोस, तेही माहीत आहे. पण ही फळी वाकडी असेल तर वाकडी राहू दे. या घरात गेल्या वर्षात पडली नाही अशी ती एकच गोष्ट आहे."

रेइनो वाईट माणूस नाही. बाहेर जाऊन त्याने दोन्ही घरांपुढचा बर्फ उपसला, माझ्याही. मी त्याला पुल्लाचा, आमच्या वेलदोडा घातलेल्या गोड पावाचा, तुकडा नेऊन दिला. फावड्यावर रेलून तो म्हणाला, "हेल्वी, आई मला विजेचा मीटर बघायला आलेला माणूस समजते. मी म्हटलं, आई, मी रेइनो. तर म्हणते, हो का, माझ्याही मुलाचं नाव रेइनोच." त्याने पाव खाल्ला नाही, खिशात घातला. "तिथे खाणीत बरं असतं गं. तिथे फक्त खाण असते."

नंतर मी खोलीत डोकावले तेव्हा तो आईशेजारी पलंगावर बसला होता, दोघं खिडकीकडे तोंड करून. ती त्याला पाखरं दाखवत होती आणि तो नुकत्याच आलेल्या पाहुण्यासारखा मान डोलवत होता.

वृद्धाश्रमाचा नंबर वाटला होता त्याच्या आधी लागला. बर्फ वितळून गल्लीत चिखल झाला होता तेव्हा. फोन आला आणि ग्लेंडाने तिथल्या तिथे हो म्हटलं. मग ती माझ्याकडे आली आणि स्वयंपाकघरात उभीच राहिली.

"बस ना."

"विचार करायला एक दिवस घ्या म्हणाले होते ते. मी एक मिनिटसुद्धा घेतलं नाही, हेल्वी."

"विचार तू वर्षभर करत होतीस."

"हो का?" ती म्हणाली. "मला वाटलं, मी बस चालवत होते."

मुम्मोला तिथे नेलं त्या दिवशी मी बरोबर होते. स्वच्छ जागा, गरम, आणि तिथल्या एका मदतनीस बाईला आमची भाषा येते. मांजर ठेवता येत नाही. कोट तिच्यासोबत पाठवला. मिर्री दोन दिवस रुसली आणि मग फळीवर घातलेल्या जुन्या ब्लँकेटवर बसायला लागली. मुम्मोने तिथल्या खुर्चीत बसून सगळीकडे बघितलं, ग्लेंडाचा हात धरला आणि म्हणाली, "ही पोर चांगली आहे. हिला ठेवून घ्या." ते मी ग्लेंडाला जसंच्या तसं सांगितलं, शब्द न बदलता.

तेव्हापासून ग्लेंडा एक दिवसाआड तिकडे जाते. तिथल्या बाईला विचारून मुम्मोचे केस विंचरते, नखं कापते. मुम्मो तिला कधी बहीण समजते, कधी कुणीच नाही.

उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली. एका दुपारी आम्ही दोघी मुम्मोच्या रिकाम्या खोलीत बसलो होतो. पलंगावरची चादर काढलेली, खिडकी उघडी, जाळीतून वारा येत होता. मिर्री फळीवर पोट वर करून पसरली होती.

"मला वाटलं होतं, ती तिकडे गेली की हलकं वाटेल," ग्लेंडा म्हणाली.

"नाही वाटत?"

"वाटतं ना," ती म्हणाली. "तेच तर बोचतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने घड्याळ बघितलं, केस मागे बांधले, चपलांत पाय घातले. "चल, येतेस का? पाचला जेवण देतात तिला, आणि कुणी जवळ बसलं नाही तर ती सूप नुसतं ढवळत बसते."